पाचशे येनचे जेवण आणि पाण्याचा पेला

गेल्या हिवाळ्यातील एका रविवारची गोष्ट. बुद्धवंदना आटोपून आम्ही सभागृहातील खुर्च्या आवरत होतो. सहा महिन्यांपूर्वी विदर्भातून तोक्योत शिकायला आलेला एक विद्यार्थी खुर्ची उचलता उचलता भिंतीला टेकला आणि तसाच खाली बसला. पाणी दिल्यावर, थोडा वेळ गेल्यावर त्याला विचारले, तेव्हा कळले की आदल्या दिवशी दुपारपासून त्याच्या पोटात एक पाव आणि कपातल्या नूडल्स यांपलीकडे काहीच गेलेले नव्हते. हा त्या एका दिवसाचा अपवाद नव्हता. गेले चार महिने त्याचे असेच चालले होते.

एका ज्येष्ठ ताईंनी डब्यातली पोळी-भाजी त्याच्यापुढे ठेवली, तेव्हा तो ओशाळून म्हणाला, "काकू, बाबासाहेबांनी नाही का लंडनमध्ये पावावर दिवस काढले? मला काय होते?"

ताई क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अरे बाळा, बाबासाहेब उपाशी राहिले ते नाइलाजाने. आपण उपाशी राहावं म्हणून नाही."

हा लेख त्या एका वाक्यातून निघाला आहे. लंडनमध्ये अर्धपोटी राहून बाबासाहेबांनी ग्रंथालयात दिवस काढले, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते आणि ते सांगितलेच पाहिजे. परंतु ती कथा सांगताना आपण नकळत आपल्या मुलांना भुकेचे अनुकरण शिकवत नाही ना, याचा विचार आम्ही त्या रविवारी प्रथमच केला. अनुकरण करायचे ते त्यांच्या अभ्यासाचे. भूक ही त्यांच्यावर लादली गेली होती. ज्या शहरात आम्ही राहतो, त्या शहरात पाचशे येनच्या आसपास ताजे, गरम आणि पोटभर अन्न जवळजवळ प्रत्येक स्थानकासमोर मिळते. तरीही आपला मुलगा उपाशी राहत असेल, तर त्याचे कारण केवळ पैसा नव्हे.

आम्ही त्याला विचारले, "स्थानकासमोरच्या भाताच्या दुकानात का जात नाहीस?" तो म्हणाला, "एकदा गेलो होतो. तिकिटाच्या यंत्रासमोर उभा राहिलो. काही वाचता येईना. मागे रांग लागली. तसाच बाहेर आलो." नंतर त्याने आणखी एक कारण सांगितले, ते जरा हळू आवाजात: "आणि त्यात कशाचं मांस असतं ते कुठे कळतं?"

खर्चाची भीती, भाषेची भीती आणि ताटात काय येईल याची भीती. आपल्यापैकी बहुतेकांनी या देशातील पहिले वर्ष या तीन भीतींच्या सोबतीने काढले आहे. आज येथे त्या तिन्हींविषयी लिहायचे आहे.

स्वस्त म्हणजे निकृष्ट नव्हे

आपल्याकडे स्वस्त खाणावळ म्हटले की कळकट टेबल आणि कालचे तेल डोळ्यांपुढे येते. त्यामुळे जपानमधील साखळी उपाहारगृहांकडे, ज्यांना आपण बोलताना चेन रेस्टॉरंट म्हणतो, नवागत माणूस संशयाने पाहतो. एवढ्या कमी किमतीत हे काय देत असतील, असा त्याचा प्रश्न असतो. उत्तर त्यांच्या इतिहासात आहे.

'योशिनोया' हे दुकान १८९९ साली तोक्योतील निहोनबाशीच्या मासळीबाजारात सुरू झाले. पहाटेपासून राबणाऱ्या माणसांना बसून जेवायला वेळ नसे. त्यांना लगेच मिळणारे आणि दुपारपर्यंत टिकणारे अन्न हवे होते. गरम भातावर सोया सॉसमध्ये कांद्यासह शिजवलेले गोमांसाचे पातळ काप, म्हणजे ग्यूदोन, हा पदार्थ त्या गरजेला उतरला. एकच पदार्थ, एकच कढई, एकच मोठा वाडगा: वाया जाणारे अन्न कमी, लागणारा वेळ कमी, म्हणून किंमतही कमी. या पदार्थाच्या चवीबाबत ही मंडळी किती काटेकोर आहेत, हे २००४ साली दिसले. गायींमधील रोगामुळे अमेरिकेतील गोमांसाची आयात थांबली, तेव्हा दुसरे मांस वापरून चव बदलण्याऐवजी योशिनोयाने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ग्यूदोनच बंद केले. विक्री टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होण्यास सप्टेंबर २००६ उजाडला.

'साइझेरिया' या इटालियन पद्धतीच्या साखळीची कथा आम्हां संगणकक्षेत्रातील लोकांना विशेष आवडते. तिचे संस्थापक शोगाकी यासुहिको हे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. चिबा प्रांतातील इचिकावा येथील त्यांच्या छोट्या दुकानाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी किमती निम्म्यावर आणल्या. तरीही भागेना, म्हणून त्या आणखी खाली नेल्या, आणि मग दारात रांगा लागल्या. पुढे त्यांनी दुकानातील प्रत्येक हालचालीचा हिशेब मांडला. चिरणे, शिजवणे, मापून भरणे ही कामे मध्यवर्ती कारखान्यात हलवली आणि दुकानात गरम करणे व वाढणे तेवढे ठेवले. स्वस्ताईचा उगम निकृष्ट मालात नसून नीट आखलेल्या कामात आहे, हे येथे स्पष्ट दिसते.

फिरत्या पट्ट्यावरील सुशीचेही तसेच. १९५८ साली ओसाकाजवळ शिराइशी योशिआकी यांनी असे पहिले दुकान उघडले. बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून त्यांना ही कल्पना सुचली. सुशी तोवर प्रामुख्याने पैसेवाल्यांची चैन होती. त्या पट्ट्याने ती कामगाराच्या आणि त्याच्या मुलांच्या हाताशी आणून ठेवली.

याशिवाय एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या देशात बक्षिशी देण्याची चाल नाही. फलकावर जी किंमत, बहुधा तीच द्यायची. पाणी फुकट, अनेक ठिकाणी चहाही फुकट. त्यामुळे जेवणाचा हिशेब दारातून आत शिरण्यापूर्वीच करता येतो.

कोठे काय खावे

पुढील किमती आम्ही स्वतः मोजलेल्या अंदाजाच्या आहेत. शाखेनुसार त्या बदलतात, आणि २०२४ पासून तांदूळ महागल्यामुळे फलक वारंवार बदलले आहेत. तरीही अंदाज बांधण्यास त्या पुरेशा ठराव्यात.

*भाताचा वाडगा.* योशिनोया, 'सुकिया' आणि 'मात्सुया' या तीन साखळ्या प्रमुख. साधा वाडगा, ज्याला 'नामी' म्हणतात, सुमारे ४५० ते ५०० येनला मिळतो. मात्सुयात बसून जेवल्यास सोबत मिसो सूप फुकट मिळते. नुसता वाडगा खाऊ नये. शंभर-दोनशे येन अधिक घालून अंडे किंवा कोशिंबीर घ्यावी, म्हणजे ते जेवण होते. गोमांस न खाणाऱ्यांसाठी 'नाकाऊ' या साखळीतील 'ओयाकोदोन', म्हणजे कोंबडी आणि अंडे घातलेला भात, सुमारे त्याच किमतीत मिळतो. आमच्या घरी आलेल्या बहुतेक पाहुण्यांना हा पदार्थ पहिल्या घासातच आवडला आहे.

*सकाळची न्याहारी.* ही दुकाने सकाळी वेगळे ताट देतात: भात, मिसो सूप, अंडे, आणि हवे तर भाजलेला रावस किंवा आंबवलेले सोयाबीन, म्हणजे नात्तो. साधे ताट ४०० येनच्या आतबाहेर पडते. पहाटेच्या पाळीवरून परतणाऱ्या विद्यार्थ्याने पाव विकत घेण्यापूर्वी या ताटाचा एकदा विचार करावा.

*उदोन.* 'मारुगामे सेइमेन' येथे आपल्यासमोर उकळलेल्या गव्हाच्या जाड शेवया मिळतात. साधा 'काके उदोन' सुमारे ४०० येनला. हातात तबक घ्यायचे, शेवया सांगायच्या, पुढे सरकत वाटल्यास भज्यासारखे तळलेले तेंपुरा उचलायचे, शेवटी पैसे द्यायचे. चिरलेली कांद्याची पात, आले आणि तळणीचा कुरकुरीत चुरा आपल्या हाताने घ्यायचा. आपल्या जिभेला रस्सा प्रथम फिका वाटतो. त्यावर सात मसाल्यांची पूड, 'शिचिमी', भुरभुरावी. येथे बोलावे लागतेच असे नाही, बोट दाखवले तरी काम भागते. म्हणून नवागताने सुरुवात येथून करावी, असा आमचा सल्ला आहे.

*कुटुंबासह.* मुलेबाळे घेऊन जायचे तर साइझेरिया. भातावर पांढरा सॉस आणि मांसाचा सॉस घालून भाजलेला 'मिलान दोरिया' ३०० येनला मिळतो, ही गोष्ट नवागतांना खोटी वाटते. दुपारी कामाच्या दिवशी भोजनाचा स्वस्त संच मिळतो. आमचे चौघांचे कुटुंब कोशिंबीर, पास्ता, दोरिया, पाव आणि मुलांसाठी हवे तितके पेय घेऊन तीन हजार येनच्या आत जेवून येते. तेथे वाइनही स्वस्त आहे, परंतु पंचशील घेतलेल्या वाचकांना त्याची किंमत सांगण्याचे कारण नाही.

*फिरती सुशी.* 'सुशिरो', 'कुरा' आणि 'हामा' या साखळ्यांत सर्वांत स्वस्त बशी ११० ते १५० येनच्या दरम्यान असते. कच्चा मासा नको असेल तर अंड्याची, शिजवलेल्या कोळंबीची, काकडीची, गोड तळलेल्या तोफूची सुशी असते. पडद्यावर चित्र पाहून मागवता येते आणि बहुतेक ठिकाणी भाषा बदलता येते. कुरामध्ये पाच रिकाम्या बश्या टाकल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो, त्यामुळे मुले आनंदाने जेवतात. सावध राहावे ते महागड्या बश्या आणि गोड पदार्थ यांपासून. बिल तेथे फुगते.

*ताट.* 'यायोइकेन' सारख्या ठिकाणी 'तेइशोकु' मिळते: भाजलेला मासा किंवा कोंबडी, भात, मिसो सूप, लोणचे. किंमत सुमारे ८०० ते १००० येन. अनेक शाखांत भात पुन्हा फुकट घेता येतो. घरच्या ताटाची आठवण ज्यांना छळते, त्यांनी आठवड्यातून एकदा येथे जावे. खारवून भाजलेला बांगडा आणि गरम भात समोर आला की कोकणातला माणूस काही वेळ बोलत नाही, हे आम्ही पाहिले आहे.

*करी.* 'कोको इचिबान्या' येथे भाताचे प्रमाण आणि तिखटपणा दोन्ही आपण ठरवतो. अनेक शाखांत प्राणिजन्य घटक न वापरलेली करीही मिळते. वाटाण्याच्या उसळीची सर तिला नाही, तथापि शाकाहारी आईवडील भेटीला आले असता ती हमखास उपयोगी पडते.

एक इशाराही द्यावा लागेल. 'इझाकाया' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मद्यालयांत बसल्याबरोबर न मागितलेली एक छोटी वाटी येते आणि तिचे दरडोई तीनशे-चारशे येन बिलात धरले जातात. ती फसवणूक नव्हे, तेथील रिवाज आहे. परंतु मित्रांसोबत प्रथम जाणाऱ्या विद्यार्थ्याला तो ठाऊक असायला हवा.

यंत्रासमोरची पाच वाक्ये

तिकिटाच्या यंत्राची भीती आम्हांलाही होती. पहिल्या आठवड्यात आम्ही एका दुकानात घाईघाईने बटण दाबले आणि जेवणाऐवजी हातात आली ती एका उकडलेल्या अंड्याची चिठ्ठी. ते अंडे खाऊन, मान खाली घालून आम्ही बाहेर पडलो. आज त्याचे हसू येते. त्या दिवशी आले नव्हते.

आता बहुतेक नव्या यंत्रांवर इंग्रजीचे बटण असते, ते सहसा पडद्याच्या एका कोपऱ्यात सापडते. जुन्या यंत्रावर सर्वांत वरचे, डावीकडचे बटण हे बहुधा त्या दुकानाचा मुख्य पदार्थ असतो. रांग लागली तर बाजूला व्हावे, मागच्याला पुढे जाऊ द्यावे, आणि तो काय करतो ते पाहावे. यात कमीपणा नाही.

पाच वाक्ये पाठ असू द्यावीत. 'ग्यूनिकु वा ताबेमासेन': मी गोमांस खात नाही. 'बुतानिकु वा ताबेमासेन': मी डुकराचे मांस खात नाही. 'गोहान सुकुनामे दे': भात कमी द्या. 'मोचिकाएरी दे': सोबत न्यायचे आहे. आणि निघताना 'गोचिसोसामा देशिता', म्हणजे जेवण उत्तम झाले, आभारी आहे. शेवटचे वाक्य म्हटल्याने पैसे वाचत नाहीत, पण पलीकडच्या माणसाचा चेहरा बदलतो.

त्या चेहऱ्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे. काउंटरच्या पलीकडे अनेकदा नेपाळ, व्हिएतनाम किंवा म्यानमारमधील विद्यार्थी असतो, कधी आपलाच. विद्यार्थी परवान्यावर आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते, आणि तेवढ्या तासांत त्याला खोलीचे भाडे भागवायचे असते. स्वस्त जेवणाची किंमत कोणीतरी मोजत असतो. २०१४ साली एका मोठ्या साखळीत रात्रभर एकाच कामगाराने सारे दुकान सांभाळण्याच्या पद्धतीवर कडक टीका झाली आणि ती पद्धत तिला बदलावी लागली. ज्यांच्या नेत्याने १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळले, त्या आपण तरी तबक उचलून जागेवर ठेवावे आणि काउंटर पुसून निघावे.

ताटात काय आहे, हा प्रश्न

तिसरी भीती सर्वांत नाजूक आहे, कारण ती केवळ भाषेची नाही. आपल्या मंडळातच पाहा. काही कुटुंबे पूर्ण शाकाहारी, काही मासे-कोंबडी खाणारी, काही डुक्कर न खाणारी, काही गोमांस खाणारी. सहलीला निघालो की कोणत्या दुकानात शिरायचे यावरून कुजबुज होते. कोणीतरी म्हणते, "आपल्यात चालतं." दुसरे कोणी म्हणते, "आमच्या घरी नाही चालत." आणि मधल्या मध्ये मुले गोंधळतात.

व्यवहाराचा भाग सोपा आहे. बहुतेक मोठ्या साखळ्या आपल्या पदार्थांतील ॲलर्जीच्या घटकांचा तक्ता प्रसिद्ध करतात. त्यात अंडी, दूध, गहू, कोळंबी यांच्या बरोबरीने गोमांस, डुकराचे मांस आणि कोंबडी यांचेही रकाने बहुधा असतात. फोनमधून त्या तक्त्याचे भाषांतर करून घेतले की दिसायला कोंबडीचा वाटणारा सॉस डुकराच्या चरबीत शिजला आहे की नाही, हे कळते. शाकाहारी वाचकांनी मात्र लक्षात ठेवावे की उदोनच्या आणि मिसो सूपच्या रश्शात बहुधा सुक्या मासळीचे सार असते.

पण कुजबुजीला तक्ता पुरत नाही. महाड येथे १९२७ साली बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस सोडण्यास सांगितले, आणि आपल्या अनेक आजोबा-पणजोबांनी ते व्रत म्हणून पाळले. पुढे १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात अस्पृश्यतेचे मूळ शोधताना त्यांनी गोमांसाचा प्रश्न मध्यवर्ती मानला. आपल्या राज्यात २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे आपल्यापैकी कोणासाठी न खाणे हे स्वाभिमानाचे, तर कोणासाठी खाणे हे स्वाभिमानाचे. दोघांच्याही मागे इतिहास आहे. म्हणून मंडळाच्या सहलींत आम्ही एक नियम पाळायचे ठरवले आहे: दुकान असे निवडायचे की प्रत्येकाला काही मिळेल, आणि दुसऱ्याच्या वाडग्यात डोकावून शेरा मारायचा नाही. दुसऱ्याच्या ताटावरून त्याची पायरी ठरवणे हे आपण सोसलेले आहे. ते आपल्या हातून होऊ नये.

जपानलाही हा प्रश्न अपरिचित नाही. सातव्या शतकात, ६७५ साली, सम्राट तेन्मू यांनी गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर वर्षातील काही महिने बंदी घातली. पुढील शतकांत जनावरे कापणारे आणि कातडी कमावणारे लोक वस्तीबाहेर ढकलले गेले. १८७१ साली कायद्याने त्यांच्यावरील शिक्का पुसला. पुढच्याच वर्षी सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि ते आधुनिकतेचे लक्षण ठरले. परंतु मांसाला प्रतिष्ठा मिळाली तरी ते कापणाऱ्या हातांना मिळाली नाही. म्हणून ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे बुराकू समाजाने 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन केली. महाडच्या पाच वर्षे आधीची ही घटना आहे. तोक्योत शिनागावा स्थानकाजवळ शिबाउरा येथील मांसबाजारात एक माहिती केंद्र आहे. तेथील कामगारांनी सोसलेल्या भेदभावाचीही माहिती त्यात मांडलेली आहे. आपल्या मोठ्या मुलांना एकदा तेथे न्यावे. समोरचा वाडगा कोणाच्या हातांनी भरला जातो, हे कळल्यावर खाणारा आणि न खाणारा दोघेही अधिक नम्र होतात.

मात्रा

स्वस्त आहे म्हणून अति खाणे हाही धोका आहे. ग्यूदोनच्या दुकानांत सर्वांत लहान वाडग्यापासून प्रचंड वाडग्यापर्यंत आकार असतात आणि मोठ्या आकाराचे चित्र नेहमी अधिक मोहक असते. संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा येते. राजा द्रोणभर भात खाऊन धापा टाकत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला भोजनाची मात्रा ओळखण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवताना आपल्यापुढे म्हणायला सांगितला. हळूहळू राजाचे खाणे मापात आले आणि शरीर हलके झाले. त्या कथेत उपाशी राहण्याचा उपदेश कोठेही नाही. तथागतांनी स्वतः कठोर उपोषण करून पाहिले आणि तो मार्ग सोडला, हे तर आपण जाणतोच.

मात्रेचे आमचे साधे नियम असे: वाडगा 'नामी'च घ्यावा. वाचलेल्या पैशांत कोशिंबीर घ्यावी. रामेन किंवा उदोनचा रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत पिऊ नये, त्यात मीठ फार असते. दुपारचे जेवण बाहेर आणि रात्रीचे वरणभात घरी, अशी विभागणी ठेवावी. दुपारचे संच स्वस्त असतात आणि रात्री कुकरची शिट्टी झाली की घर घरासारखे वाटते. आठवड्यात पाच दुपारी पाचशे येनप्रमाणे अडीच हजार येन होतात. ते वाचवण्यासाठी जो उपाशी राहतो, त्याची परीक्षा, त्याचे काम आणि त्याची प्रकृती यांचे किती मोल जाते, याचा हिशेब त्याने एकदा मांडून पाहावा.

पाण्याचा पेला

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही त्या विद्यार्थ्याला घेऊन स्थानकासमोरच्या त्याच दुकानात गेलो. यंत्रासमोर त्यालाच उभे केले. मागे दोघे येऊन थांबले. तो बाजूला झाला, त्यांना पुढे जाऊ दिले, पाहिले, आणि मग त्याने स्वतः बटण दाबले. आम्ही काउंटरवर बसलो. एका बाजूला बांधकामावरचा मजूर होता, दुसऱ्या बाजूला टाय सैल केलेला कोणी कार्यालयातील माणूस, टोकाला एक स्त्री एकटीच शांतपणे जेवत होती. बसताच प्रत्येकासमोर थंड पाण्याचा पेला आला. कोणी मागितला नव्हता. कोणाला काही विचारले नव्हते.

आम्ही त्याला 'व्हिसाची वाट पाहताना' मधील ती हकीकत आठवते का, असे विचारले. १९०१ साली लहानगा भीम भाऊ आणि भाच्यांसह वडिलांकडे निघाला होता. मुलांजवळ शिदोरी भरपूर होती, पण वाटेत त्यांना कोणी पाणी देईना, आणि पाण्यावाचून ती शिदोरी तशीच राहिली. पोरे उपाशी झोपली. तो म्हणाला, "शाळेत असताना वाचली होती." मग त्याने पेल्याकडे पाहिले, पाणी प्यायले आणि जेवायला सुरुवात केली. याहून अधिक काही बोलणे झाले नाही.

हा देश समतेचा स्वर्ग आहे, असे आम्ही म्हणत नाही. भाड्याचे घर शोधताना परकेपणाचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला आहे, आणि बुराकू समाजाची कहाणी वर सांगितलीच. पण त्या काउंटरवर, त्या वीस मिनिटांत, जो चिठ्ठी ठेवतो त्याला पाणी आणि अन्न मिळते. एवढी साधी गोष्ट मिळवण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी आपल्या पूर्वजांना चवदार तळ्यावर जावे लागले होते. ती आज पाचशे येनमध्ये आपल्यासमोर येते. तिच्याकडे पाठ फिरवून खोलीत एकट्याने कपातल्या नूडल्स खाण्यात कसलाही त्याग नाही.

म्हणून मंडळातील कुटुंबांना विनंती आहे. नवा विद्यार्थी किंवा नवा नोकरदार आला की त्याला घरी जेवायला बोलवाच, पण एकदा स्थानकासमोरच्या दुकानातही घेऊन जा. त्याच्यासाठी बटण तुम्ही दाबू नका. त्याला दाबू द्या. मागे रांग लागली तर लागू द्या. यापुढे दर महिन्याच्या वंदनेनंतर आम्ही नवागतांसह अशा एखाद्या दुकानात जाणार आहोत. मागच्या खेपेस आलेल्या दोन नव्या मुलांना यंत्र कसे चालवायचे हे समजावत होता तो तोच विद्यार्थी. त्याचे जपानी अजून यथातथाच आहे, पण 'भात कमी द्या' हे तो आता न अडखळता म्हणतो, आणि कोशिंबीर घ्यायला विसरत नाही.

नमो बुद्धाय. जय भीम.